बॅगेत जागा नाही

आलोशियस : आणि हे खोकं वरच्या बाजूला ठेव. आत परफ्यूमच्या बाटल्या आहेत, दाबल्या तर फुटतील.

ग्लेनिस : कशाच्या वरच्या बाजूला, दादा?

आलोशियस : बॅगेच्या. आणखी कशाच्या? ही दुधाची पावडर हॅन्सेलच्या आईला. हे कपडे शेरविनच्या बहिणीच्या बाळाला. ब्लँकेट जरा जड आहे, पण ते आपल्या गुंडू ड्रायव्हरचं. त्याचा भाऊ विरारला असतो, तो घरी येऊन घेऊन जाईल. तुला काही करायचं नाही.

रुपाली : अंकल, आधी बसा वायच. चाय ठेवतंय.

आलोशियस : बसतो गं रुपाली. तुझं काही गावाला पाठवायचं असेल तर आत्ताच दे हिच्याकडे. बहरीन सोडून कायमची जाणारी बाई आहे, सामान जास्त नेता येतं.

रुपाली : माझा काय नाय. तायन माका मागेच सांगल्यान, ह्या टायमाक कोणाचा काय नेऊचंय नाय.

आलोशियस : असं कसं सांगितलं? चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर मी सगळ्यांना सांगून आलोय. ग्लेनिस बुधवारी निघतेय, ज्याला काही पाठवायचंय त्यानं सनदला माझ्या घरी आणून द्यावं. खाली गाडीत अजून दोन खोकी आहेत.

ग्लेनिस : मला विचारलंस?

आलोशियस : त्यात विचारायचं काय? इतकी वर्षं नेतेसच की.

ग्लेनिस : आयजीच्या जिवावर बायजी उदार. वजन माझं, तिकीट माझं, आणि वाटप तुझं.

आलोशियस : अगं आपलीच माणसं आहेत. आपण पण लोकांबरोबर पाठवतोच ना? आपली आई गेली त्या वर्षी तिचा नेब्युलायझर कुणी नेला होता? शेरविननं. विसरलीस?

ग्लेनिस : नाही विसरले. म्हणून तर आजवर कुणाला नाही म्हटलं नाही. दरवेळी घरी गेले तेव्हा माझ्या बॅगेत माझं काय असायचं, ठाऊक आहे? दोन गाऊन आणि जपमाळ. बाकी सगळा गाव. रजेचे पहिले आठ दिवस मी घरोघरी टँगचे डबे पोचवत फिरायचे आणि प्रत्येक घरी तेच, बाय, जाडी झालीस, बाय, लग्न नाही केलंस.

आलोशियस : बरं बरं. या वेळी मी सांगतो, त्यांनीच येऊन न्यायचं. बॅगा कुठायत तुझ्या? एकही दिसत नाही.

ग्लेनिस : ती काय, खुर्चीवर.

आलोशियस : ती? पाठीवरची? कॉलेजला जाणारी पोरं नेतात तसली?

ग्लेनिस : तसलीच. बाब अल बहरीनच्या बाजारात, मागच्या गल्लीत मिळाली. कमरेला पट्टा आहे, खांद्यावर भार येत नाही.

आलोशियस : हातातली म्हणून ठीक आहे. मोठ्या बॅगा कुठायत?

ग्लेनिस : मोठी नाही. एवढीच. आणि यात जागा नाही, दादा. परफ्यूमला नाही, ब्लँकेटला नाही, कुणालाच नाही.

आलोशियस : तीस वर्षांचं सामान या एका पिशवीत मावलं?

रुपाली : बाकीचा सगळा दिल्यान वाटून. फ्रीज माका, शिलाई मशीन खालच्या मसूदाक. भांडी चर्चच्या सेलमध्ये गेली. तुमका दिसली नाय?

आलोशियस : मला वाटलं तिथे सगळं नवीन घेणार. ग्लेनिस, काय चाललंय? सरळ सांग.

ग्लेनिस : सरळ सांगते. बुधवारी मी वसईला जात नाहीये.

आलोशियस : मग कधी जातेस? हॉस्पिटलनं व्हिसा कॅन्सल केलाय ना? जास्त दिवस राहता येणार नाही तुला.

ग्लेनिस : बुधवारीच निघतेय. बार्बाडोसला. लंडनवरून.

आलोशियस : कुठे?

ग्लेनिस : बार्बाडोस. तिथून सेंट व्हिन्सेंट. तिथून फेरीबोटीनं बेक्वे नावाचं छोटं बेट आहे तिथे. मग ग्रेनाडा, मग त्रिनिदाद, टोबॅगो. काही ठिकाणी बोटीनं, काही ठिकाणी छोट्या विमानानं. आपल्या पासपोर्टला त्या बेटांवर व्हिसा लागत नाही. लंडनला विमान बदलायचा तेवढा लागतो, तो काढलाय.

आलोशियस : नर्सेसची कॉन्फरन्स आहे का?

ग्लेनिस : नाही.

आलोशियस : मग नोकरी? या वयात तिकडे कोण घेणार तुला?

ग्लेनिस : फिरायला चाललेय, दादा.

आलोशियस : फिरायला माणूस लोणावळ्याला जातो. फार तर होली लँडला जातो. फादर दरवर्षी ग्रुप नेतात, तुला किती वेळा म्हटलं मी.

ग्लेनिस : ग्रुपबरोबर गेले असते तर तिथेही माझ्याच पर्समध्ये सगळ्यांच्या बीपीच्या गोळ्या असत्या.

रुपाली : ह्या मात्र खरा हा. आमच्या बिल्डिंगीत कोणाचा पोट दुखला तरी ह्याच दाराची बेल वाजता.

आलोशियस : तू मध्ये बोलू नकोस गं. तुला आधीपासून माहीत होतं?

रुपाली : माका नाय म्हायती तर कोणाक? सकाळी उठून ताय वजनाची सवय होवची म्हणान बॅगेत तांदूळ भरता आणि समुद्राकडच्या वाटेर चालत ऱ्हवता. एके दिवशी वॉचमन इचारी होतो, सिस्टर कोणाच्या घराक तांदूळ पोचवतंत रोज?

आलोशियस : लोकांनी बघितलं असेल.

ग्लेनिस : बघितलंच. बघू दे. आणि आणखी एक सांगते, मग एकदमच धक्का बसून जाऊ दे. मी पोहायला शिकलेय. आमच्या फिजिओथेरपीतल्या आमिनानं शिकवलं, बायकांच्या पूलमध्ये.

आलोशियस : पोहायला. तू.

ग्लेनिस : वसईत समुद्र, इथं चारी बाजूंनी समुद्र, आणि मी आजवर घोट्यापर्यंत भिजलेय फक्त. का? तर पोरीच्या जातीनं पाण्यात उतरू नये. आता उतरणार.

आलोशियस : साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही.

ग्लेनिस : साठी व्हायचीये अजून. आणि बुद्धी नाठी झाली असेल तर झाली. इतकी वर्षं ती शाबूत होती, तेव्हा काय मिळालं?

आलोशियस : आणि राहणार कुठे? तिकडे सगळी श्रीमंत लोकं जातात. हॉटेलचे दर मला विचार, मी हॉटेलातच स्टोअर सांभाळतो.

ग्लेनिस : हॉटेलात कोण राहतंय? होस्टेल आहे. आठ जणींची खोली, वर एक खाली एक असे पलंग. मी खालचा मागून घेतलाय. बेक्वेला एक म्हातारी बाई खोली देते. तिला लिहिलं तर म्हणाली, बोटीतून उतरलीस की धक्क्यावर कुणालाही माझं नाव विचार. स्वयंपाकघर वापरू देतात. सकाळी धक्क्यावर मासे येतात. वसईच्या बाईला मासा साफ करायला कुणी शिकवायला नको. मिनीबसनं फिरायचं, कपडे हातानं धुवायचे.

आलोशियस : म्हणजे भिकाऱ्यासारखं.

ग्लेनिस : हो. थाटात गेले तर आठवड्यात परत यावं लागेल. भिकाऱ्यासारखी राहिले तर मेपर्यंत पुरतं. जूनपासून तिकडे वादळांचे दिवस, त्याच्याआधी निघायचं.

आलोशियस : मला आधी का नाही सांगितलंस?

ग्लेनिस : सांगितलं असतं तर तू फादरना घेऊन आला असतास.

आलोशियस : अजूनही आणू शकतो.

ग्लेनिस : आण. त्यांनाही चहा देऊ. तिकीट बदलत नाही.

रुपाली : चाय घेवा अंकल. आलं घातलंय.

आलोशियस : ठेव तिथे. ही बेटं तुझ्या डोक्यात घातली कुणी? त्या मोबाइलवरच्या पोरापोरींनी?

ग्लेनिस : तू.

आलोशियस : मी?

ग्लेनिस : पप्पांचा रेडिओ उशीखाली घेऊन क्रिकेटची कॉमेंट्री कोण ऐकायचं? खरखर व्हायची, तू एरिअल धरून बसायचास आणि मला सांगायचास, पोर्ट ऑफ स्पेन. ब्रिजटाउन. किंग्स्टन. शाळेच्या नकाशात बोट ठेवून दाखवायचास. म्हणायचास, मोठा झालो की तुला घेऊन जातो.

आलोशियस : ते क्रिकेटसाठी होतं. लहान होतो.

ग्लेनिस : तुझ्यासाठी क्रिकेट होतं. मला बॅट कुठून धरायची तेही ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी ती गावं होती. तू विसरलास, त्यात तुझं चुकलं नाही. संसार आला, हे बहरीन आलं. पण मी नाही विसरले. नेणारा नेत नाही म्हटल्यावर आपणच जायचं.

आलोशियस : वसईच्या घराचं काय मग? तुझी खालची खोली रंगवून घेतलीय मी. खिडकीला जाळी लावलीय. तुला आवडतो तसा हिरवा रंग.

ग्लेनिस : शेजारच्या खोलीत कोण असतं?

आलोशियस : कोण म्हणजे? ब्रिजिटची आई.

ग्लेनिस : पलंगाला खिळलेली.

आलोशियस : म्हातारं माणूस आहे. घरात एक नर्स असली तर काय बिघडतं? परकी आहे का ती? तुझ्या वहिनीची आई आहे.

ग्लेनिस : ताकाला जाऊन भांडं का लपवतोस? हे आधी सांगायचं होतंस. हिरव्या रंगाचं नंतर.

आलोशियस : लपवत नाहीये. तुला इतकं कळतं म्हणून म्हणालो. त्या काशीबाई आयाला या महिन्यापासून बंद करायला सांगितलंय मी ब्रिजिटला. तू येणार म्हणून.

ग्लेनिस : म्हणजे माझी पुढची ड्यूटी लागली. आणि रोस्टर तू काढलंस.

आलोशियस : ड्यूटी काय म्हणतेस? घर आहे ते. घरचं माणूस घरच्याचं करतं.

ग्लेनिस : मग घरचं माणूस तू आहेस. सासू तुझी, घर तुझं, रजा तुझी. दोन वर्षं झाली, तू गेला नाहीस. मी बघतेय. ब्रिजिट फोनवर विचारते आणि तू म्हणतोस, इंशाल्ला ईस्टरला. ईस्टर येतो, तू म्हणतोस, स्टोअरमध्ये माणूस नाही.

आलोशियस : माणूस नाहीच आहे. महमूदला विचार, माझ्यावरच्या मॅनेजरला.

ग्लेनिस : महमूदनं मला हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं, तुझा भाऊ रजा का घेत नाही म्हणून.

आलोशियस : हे बघ. बोलायचंच तर सगळंच बोलू. आपल्या आईच्या वेळी तू नव्हतीस. मी होतो. मी खांदा दिला. निदान आता तरी...

ग्लेनिस : थांब. ते काढू नकोस.

आलोशियस : का काढू नको? खरं आहे.

ग्लेनिस : अर्धं खरं आहे. तेव्हा दोघांनी एकदम जाणं शक्य नव्हतं. तू म्हणालास, मी मुलगा आहे, मी जातो. मी हो म्हटलं. तू विमानात बसलास आणि मी ड्यूटीवर गेले. त्या रात्री माझ्या वॉर्डात सबा नावाची एक म्हातारी जात होती. तिची मुलं वाटेत होती. मी तिचा हात धरून बसले होते, आणि मनात म्हणत होते, तिकडे माझ्या आईचा हात कुणीतरी धरला असेल. दादा, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांचे हात धरले. मनापासून धरले. पण आता माझे हात मला पाहिजेत. यात मला लाज वाटत नाही, आणि तू वाटायला लावू नकोस.

रुपाली : मी काय बोलू नये, पण बोलतंय. मी रजेर जातंय ना अंकल, तर म्हयनाभर चुलीकडेच. सगळ्यांका वाटता, रुपाली इली, आता जेवणाचा टेन्शन नाय. परत हयसर इलंय की मगे जरा पाठ टेकता. बाईमाणसाची रजा कोणी बघितल्यान हा?

आलोशियस : तुला काय जातंय बोलायला. तुझी बहीण नाही चाललेली जगाच्या टोकाला.

रुपाली : माझी बहीणच ती. आठ वर्सा एका खोलयेत काढली. माका रडाचा होता ता रडान झाला. आता गप ऱ्हवलंय.

आलोशियस : आणि तिकडे काही झालं तर? पडलीस, ताप आला, कुणी लुबाडलं. कुणाला फोन करणार तू?

ग्लेनिस : मी इमर्जन्सीत काम केलंय. ताप आला तर गोळी घेईन. पडले तर उठेन. लुबाडायला माझ्याकडे दोन गाऊन आहेत.

आलोशियस : थट्टा करू नकोस गं. मला काय वाटतं ते तुला कळत नाही. वसईला असलीस की मला माहीत असतं, तू कुठल्या खिडकीपाशी बसली आहेस.

ग्लेनिस : तेच तर. मलाही माहीत असतं.

आलोशियस : दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मिस्सा झाली की आपण इथं जेवतो. तुझ्या हातचं कालवण खाऊन मी सनदला जातो आणि आठवडा जातो. तू गेलीस की शुक्रवारी मी कुठे जाऊ? वसईला गेली असतीस तरी हेच झालं असतं, माहीत आहे मला. पण घरी गेली म्हटलं की जरा सोसतं. हे काय, कुठल्या तरी समुद्रात. मला भीती वाटते, बाय. खरं सांगतो.

ग्लेनिस : मलाही वाटते. विमान बदलताना चुकेन, याची फार वाटते. आणि तुझी आठवण येणार, हेही माहीत आहे. शुक्रवारी तर येणारच. पण म्हणून थांबणार नाही.

आलोशियस : हट्टी आहेस.

ग्लेनिस : उशिरा झाले.

आलोशियस : आता ब्रिजिटला काय सांगू मी? त्या काशीबाईला काढून टाकलं असेल तिनं. दुसरीकडे लागली असेल ती.

ग्लेनिस : फोन कर. आत्ता, माझ्यासमोर. परत बोलावून घे म्हण.

(आलोशियस वसईला बायकोला फोन लावतो. पलीकडचं बोलणं या दोघींना ऐकू येत नाही.)

आलोशियस : हॅलो, ब्रिजिट. हां, झाली मिस्सा. ग्लेनिसकडेच आहे. ऐक, ती काशीबाई, तिला परत बोलावता येईल का बघ. ... काय? ... गेलीच नाही म्हणजे? मी तुला बंद कर म्हणालो होतो ना? ... कुणी सांगितलं? ग्लेनिसनं? ... सप्टेंबरात? सप्टेंबरपासून तुला ठाऊक आहे? ... आणि मला कुणी सांगायचं? ... ओरडत नाहीये मी. ... नाही, चहा घेतला नाही अजून. ... आई काय म्हणाल्या? ... हां. ... हां, कळलं. ... रजेचं बघतो. ... नाही, ईस्टरला नाही म्हणत, बघतो म्हणजे खरंच बघतो. ठेव.

ग्लेनिस : काय म्हणाल्या आई?

आलोशियस : म्हणाल्या, मला काशीबाईच बरी. ग्लेनिस फार कडक, तिच्या हातून औषध घ्यायची भीती वाटते.

रुपाली : बगा. सासूबाईंक पण नको ताय.

आलोशियस : सगळ्या बायका एक झालात तुम्ही.

ग्लेनिस : एक झालो नाही. एकमेकींना विचारलं, एवढंच. तू पण विचारलं असतंस तर तुला पण सांगितलं असतं.

आलोशियस : आणि ही खोकी? लोकांना शब्द दिलाय मी.

ग्लेनिस : तू घेऊन जा. बायको बोलावतेय, रजा साठलीय, शब्द तुझा आहे. ब्लँकेट तेवढं तळाला घाल, परफ्यूम वर.

आलोशियस : घरोघरी टँगचे डबे पोचवत फिरू मी?

ग्लेनिस : फिर की. तुला कुणी विचारणार नाही लग्न का नाही केलंस म्हणून.

आलोशियस : ग्लेनिस.

ग्लेनिस : काय?

आलोशियस : मी आलो तर? आत्ता नाही, मार्चमध्ये म्हण. थोडे दिवस. ब्रिजटाउनचं मैदान तरी बघेन.

ग्लेनिस : नको.

आलोशियस : इतक्या पटकन?

ग्लेनिस : रागावू नकोस. तू आलास की मी तुझ्या गोळ्या सांभाळेन, तुझं जेवण बघेन, तुला खालचा पलंग देऊन मी वर चढेन. मला सवय आहे, मी नाही थांबवू शकणार स्वतःला. तू वसईला जा. ब्रिजिटला घेऊन दुसऱ्या वेळी जा तिकडे, तुमचे तुम्ही. कुठे राहायचं ते मी सांगेन.

आलोशियस : बरं. ... चहा गार झाला.

रुपाली : दुसरो ठेवतंय.

आलोशियस : नको, हाच दे. बुधवारी एअरपोर्टला मी सोडतो. टॅक्सी करू नकोस.

ग्लेनिस : ये. पण फादरना आणू नकोस.

आलोशियस : नाही आणत. पण पुढच्या शुक्रवारी सगळे मलाच विचारणार. ग्लेनिस पोचली का, घरी कशी आहे. काय सांगू?

ग्लेनिस : जे आहे ते. फिरायला गेली म्हण.

आलोशियस : कुणाबरोबर, विचारतील.

ग्लेनिस : मग सांग. आत्ताच म्हणून बघ, नाहीतर तिथे ऐनवेळी ग्रुपबरोबर गेली म्हणून मोकळा होशील.

आलोशियस : माझी बहीण फिरायला गेलीय. बिचारी एकटीच गेलीय.

ग्लेनिस : बिचारी काढ.

आलोशियस : एकटीच गेलीय.